वीस लिटर आंबट बिअर

हसू नका, पण गेल्या महिन्यात मी वीस लिटर बिअर स्वतःच्या हातानं आंबट केली. आमच्या स्टॅनमोरचं पाणी जड, क्षारांचं. फिकट बिअर करायची तर गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टमध्ये ड्रॉपरनं ॲसिड घालावं लागतं. इतकी वर्षं मी थेंब टाकायचो, आणि शेजारचा निखिल पीएच मीटरवर डोळा ठेवून ओरडायचा, "बस!" मी स्वतः मीटर कधी बघितलाच नाही.

मग तो नोकरीसाठी ग्लासगोला गेला. मीटर मलाच देऊन गेला. बिअर आंबट झाली त्या दिवशी मी एकटाच होतो. थेंब टाकतोय, टाकतोय... ॲसिडची बाटली संपली तेव्हा कळलं, की मी "बस" ऐकायची वाट बघतोय.

निखिलला फोन केला, तर हा खो खो हसतोय. "गाढवा, मीटर समोर होता ना?"

"होता रे. पण तो ओरडत नाही."

मग तो म्हणाला, "पुढच्या वेळी मला स्पीकरवर ठेव."

काल ठेवला. चार-पाच थेंब पडले असतील, तेवढ्यात तिकडून, "बस!"

"अरे, तुला तिथून मीटर दिसतोय का?"

"नाही. पण किती दिवसांत म्हटलं नव्हतं."