लाल पट्टीच्या कुंड्या

मावशी — आवाज खाली घे. काचघर आहे हे, सगळं घुमतं.

भाची — घुमू दे. वाळूत जस्त नाही, मावशी. लाल पट्टीच्या बारा कुंड्यांत मी स्वतः मोजून जस्ताचे कण मिसळले होते. केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातला एक, एवढे बारीक. आज प्रत्येक पट्टीतल्या तीन-तीन कुंड्यांच्या तपासणीचा कागद आला. पिवळ्या पट्टीच्या कुंड्यांत त्याचा दहावाच हिस्सा घातला होता, तो जागच्या जागी आहे. लालमध्ये त्याहूनही कमी. गेलं कुठे?

मावशी — गव्हाने खाल्लं असेल.

भाची — गहूही तपासला. नाही खाल्लं.

मावशी — मग मला काय विचारतेस? शिकलेली तू. मी पाणी घालणारी.

भाची — तेच विचारतेय. पाणी किती घातलंस?

मावशी — वहीत आहे. दिवसाआड एक पेला.

भाची — वहीतलं मी वाचलंय. कुंड्यांखालच्या बशा बघ. पांढऱ्या पट्टीच्या, ज्यांना काहीच घातलं नव्हतं, त्यांच्या बशा कोऱ्या. पिवळीच्या कोऱ्या. लालच्या बारातल्या अकरा बशांवर पांढरा थर. एका पेल्याचं पाणी बशीपर्यंत उतरत नाही. बादली ओतली तर उतरेल.

मावशी — बादली नाही. झारी.

भाची — म्हणजे घातलंस.

मावशी — घातलं.

भाची — आणि वहीत खोटं लिहिलंस. मला लहानपणी एका खोट्यासाठी दिवसभर अंगणात उभं केलं होतंस, आठवतं? आणि आता इतक्या शांतपणे सांगतेस.

मावशी — शांत नाहीये मी. तू ओरडतेस म्हणून मी दाबून बोलतेय. दोघी ओरडलो तर काचा फुटतील. ऐकायचंय की नुसतं बोलायचंय?

भाची — बोल.

मावशी — बाराव्या दिवशी लालच्या पानांची टोकं पिवळी पडली. एक रोप हलकेच उचलून पाहिलं. मुळं आखूड, जाड, टोकाला तपकिरी. काडेपेटीतल्या जळक्या काड्या असाव्यात तशी. पांढरीची मुळं बघ, नहाणानंतर सोडलेल्या केसांसारखी मोकळी. मी तुला फोन केला.

भाची — कधी?

मावशी — त्याच सकाळी. म्हटलं, लाल पट्टीची लेकरं कोमेजलीत, येऊन बघ. तू म्हणालीस, मी बैठकीत आहे, ठरलंय तेवढंच पाणी घाल, आणि मावशी, उगाच कविता करू नकोस. ठेवला फोन.

भाची — मला आठवत नाही.

मावशी — तुला कसं आठवेल? ऐकणाऱ्याला लागलं होतं ते. त्या दिवसापासून तीन संध्याकाळी मी झारी धरली. खालून नितळ पाणी येईस्तोवर. बशीत साचलं ते मोरीत ओतलं. आठवड्यात माना वर केल्या त्यांनी.

भाची — आणि मी त्या वर केलेल्या मानांचे फोटो काढले. अहवालात लिहिलं, जास्त मात्रेनेही गव्हाला इजा नाही, उलट वाढ सगळ्यांत चांगली. काल सही केली. आज चार वाजता बियाणं कंपनीचा माणूस तो न्यायला येतोय. वीस दिवसांवर पेरणी आहे. लाल मात्रेचा लेप दाण्यादाण्याला बसणार. त्या शेतांत झारी घेऊन कोण जाणार आहे? तू?

मावशी — लालचा लेप? पिवळीचा का नाही? पिवळी गुणाची होती. माझं बोटही लागलं नाही तिला, तरी पांढरीपेक्षा चार पानं जास्त.

भाची — कारण लाल तिच्याहून टवटवीत दिसली. तुझ्या कृपेने.

मावशी — मला कुणी सांगितलं होतं? तू म्हणालीस, प्रयोग आहे, नीट सांभाळ. सांभाळलं. मरू द्यायचीत, असं कुणी म्हणालं नाही.

भाची — मरतात का, हेच बघायचं होतं. तेवढंच तर काम होतं.

मावशी — मग तसं सांगायचं होतंस. कामावर घेताना काय म्हणालीस? मावशीच्या हाताने वाळक्या काठीला पालवी फुटते. ज्या गुणासाठी आणलंस, त्याच्याच नावाने आता बोटं मोडतेस.

भाची — माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतला मी.

मावशी — आणि तू किती वेळा आलीस गं? चाळीस दिवसांत सहा वेळा. दारातून फोन वर धरायचा, पानं टिपायची, की पसार. एकदा तरी बोट घातलंस वाळूत?

भाची — माझ्याकडे आणखी चार प्रयोग आहेत.

मावशी — माझ्याकडे छत्तीस कुंड्याच होत्या. म्हणून मला दिसलं.

भाची — आत्ताच साहेबांकडे जाऊन आले. त्यांना म्हटलं, कागद जुळत नाहीत. ते म्हणाले, पानं हिरवी आहेत, फोटो आहेत, सही आहे, आता खोडा घालू नका. आणि अगदीच रुखरुख लागली असेल तर खाली एक ओळ टाका, पाणी घालणाऱ्या बाईकडून हयगय झाली. म्हणजे अहवालही जाईल आणि आपणही सुटू.

मावशी — टाक मग. खोटं नाही ते.

भाची — नुसती संशयाची ओळ कोण वाचतो? आणि माझ्याकडे दाखवायला आहे काय? लाल मात्रा नुसती ठेवली असती तर काय झालं असतं, याचा एक पुरावा नाही. अकराच्या अकरा धुतल्यास तू.

मावशी — बारा होत्या.

भाची — काय?

मावशी — तूच म्हणालीस ना आत्ता, बारातल्या अकरा बशांना थर आहे? बारावीकडे बघ की मग. थांब.

(ती पाण्याच्या पिंपामागून एक कुंडी काढून टेबलावर ठेवते.)

मावशी — ही पिंपाला चिकटून होती. झारीची तोटी पोचायची नाही तिथे. एक पेलाच मिळाला हिला, वहीत आहे तसा. फोटो काढायला यायचीस तेव्हा मी हिला आणखी आत सरकवायचे. बाकीच्यांत हिची लाज वाटायची मला.

भाची — वीतभरही वाढली नाही.

मावशी — वरून नको बघू. पाण्यात धर. असं नाही, ओढू नकोस, वाळू आपोआप सुटू दे. 
पान बाई बोलघेवडं, उन्हात मिरवतं,
मूळ माझं अबोल, आतल्या आत झुरतं.

भाची — हे कुठलं?

मावशी — माझंच. त्या बाराव्या दिवशीचं. फोनवर हेच सांगणार होते, तू कविता नको म्हणालीस. मग गप्प बसले. पाणी घातलं ही एक चूक, पण गप्प बसले ती मोठी.

भाची — मुळंच नाहीत गं हिला.

मावशी — तेच म्हणत होते.

भाची — दे तो फोन. हात ओले आहेत माझे, तू कानाला लाव. … साहेब, अहवाल देऊ नका. मी सही मागे घेतेय. … नाही, एक तक्ता गाळून भागणार नाही. … पुरावा आहे, टेबलावर आहे, मी कुंडीसकट घेऊन येते. … तिचं नाव? लिहीन. झारीने पाणी घातलं आणि वहीत लपवलं, हे लिहीन. बाराव्या दिवशी तिने कळवलं आणि मी ऐकलं नाही, हेही त्याच्याच खाली लिहीन. … मग माझ्या जागी दुसरं कुणी बघा, साहेब. पण हा अहवाल माझ्या सहीने जाणार नाही. … हो. ठेवते.

मावशी — काय म्हणाले?

भाची — बरंच. माझ्या तोंडी शोभणार नाहीत असेही दोन शब्द. शेवटी म्हणाले, पुन्हा करा, पहिल्यापासून. कंपनीच्या माणसाला तेच तोंड देतील. पण ती बाई परत काचघरात नको.

मावशी — बरोबर आहे त्यांचं.

भाची — मी सांगेन त्यांना. बाराव्या दिवशी कळवणारं इथे दुसरं कुणी नव्हतं. पण मावशी, माझा राग गेलेला नाही.

मावशी — माझाही नाही. जाईल तेव्हा जाईल.

भाची — या वेळी मोजून एक पेला. टोकं पिवळी पडली तरी. मान टाकली तरी.

मावशी — एकच पेला. झारी तुझ्या कपाटात ठेव, किल्लीही तुझ्याकडेच.

भाची — जमेल तुला?

मावशी — जमवीन. पण बाराव्या दिवसापासून तूही इथे येऊन बसायचंस. स्टुलं दोन आहेत. मरायचीच असतील तर एकटी नाही मरू द्यायची.