दोन बोटं सैल

...आणि बायको म्हणते काय, तर ‘हे तान्ह्या बाळालाही येतं!’ येतं हो, पण का येतं ते समीकरणात बसवायला मला अकरा वर्षं लागली, त्याचं काय? तुम्हाला सांगतो, काम माझं साधंच. मान उजवीकडे, डोळे डावीकडे. एवढंच! चालताना डोकं हिंदकळतं, तरी समोरची पाटी का नाचत नाही? तर कान डोळ्यांना कळवतो, मान इकडे वळली, तुम्ही तिकडे वळा! अकरा वर्षं, डोक्यावरचे केस गेले, पण समीकरण बसलं.

आणि बसलं नेमकं तेव्हा बाबांना ताप आला. इंजेक्शनांनी ताप उतरला, पण त्याच इंजेक्शनांनी कानातला तो तोल सांभाळणारा भाग कामातून गेला. चालायला लागले की रस्ता नाचतो, समोरून येणाऱ्या माणसाला चेहराच नाही! ‘सुधारेल का रे?’ एवढंच विचारलं त्यांनी. कुणाला? मला! घरातल्या तज्ज्ञाला!

मग काय, प्रयोगशाळेत स्टुलावर बसवलं, कॅमेऱ्याचा चष्मा चढवला, मागून डोकं धरून दिले झटके. मान उजवीकडे, डोळे डावीकडे! आकडे समीकरणावर असे चपखल बसले म्हणून सांगू... नव्वद टक्के सुधारणा! विभागप्रमुखांनी पाठ थोपटली. बाबा आपले कुरकुरतायत, ‘अरे, पण पाटी हलतेय.’ मी म्हटलं, ‘बाबा, आलेख बघा, नाही हलत!’ सहा महिने, तुम्हाला सांगतो, सहा महिने मी त्या माणसाला सांगत होतो की तुम्हाला दिसतंय ते चूक आहे.

मग मशीन दुरुस्त करणाऱ्या बाई आल्या. चष्म्याचा रबरी पट्टा ताणून बघितला. ‘इतका सैल कुणी केला हो?’ कुणी म्हणजे? मीच! बाबांच्या कानाला काचतो म्हणून, दोन बोटं! म्हणजे झटक्याला घसरत होता चष्मा, आणि कॅमेऱ्याला वाटत होतं डोळा फिरला! डोळा बिचारा मानेबरोबर फरफटत होता. मी बाबांचं नाही, रबराचं गणित सोडवलं होतं!

पट्टा घट्ट करून पुन्हा मोजलं. सुधारणा शून्य, पुढेही आशा नाही. बाबांना सांगितलं, तर हसले! ‘म्हणजे पाटी हलतेच ना? मला वाटलं, मला वेड लागलं.’ मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

‘मग आता काय करायचं?’ म्हणाले. मी अकरा वर्षांचं सगळं गणित पणाला लावून सांगितलं, ‘बाबा, मान हलवू नका.’

‘बरं,’ म्हणाले, मान डोलावली... आणि भिंत धरली.