लाल खुणेची मेंढरं

मी ऑफिसर का झालो नाही, हे तुम्हाला एकदा सांगूनच टाकतो. मी मामाकडं वाढलो. "कॉलेज सोड, फौजेची तयारी कर," हा हुकूमही त्याचाच. मुलाखत पास झालो आणि मेडिकलला रंगांधळा म्हणून बाद झालो.

अपिलाआधी मामानं हिंगोलीत डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकातला आकडा मला दिसेना.

"काहून दिसत न्हाई? नीट बघ की!" म्हणत मामानं पुस्तक हिसकावलं. लांब धरलं, जवळ धरलं. मग म्हणाला, "डॉक्टरसाहेब, ह्या पानावर आकडा छापायचाच राहिला."

डॉक्टर हसले. "हे आईच्या घराण्याकडूनच येतं. अपील करू नका."

आमच्या मेंढरांना लाल खूण असायची, शेजाऱ्याच्या मेंढरांना हिरवी. लहानपणी हिरव्या खुणेची हाकून आणली की शेजारी तक्रार घेऊन यायचा आणि मामा मला फोकानं चोपायचा. घरी येऊन मी हे मामीपुढं काढलं.

मामी भाकरी थापत म्हणाली, "तुझा मामा बी तीच आणतो. लग्नापासून रोज सांजच्याला मीच निवडून परत धाडते."

"मग सांगितलं काहून न्हाई?"

"मला इचारलं कुणी?"