क्वोकचा आवाज कुठून आला

सांगायचं नाही असं आपाने, माझ्या आईने, बजावलंय — गिऱ्हाईकाला तर मुळीच नाही — पण आगा, तो मिशांवाला झायिन मासा नका घेऊ. ट्राउट घ्या. ती पिंजऱ्यातली आहे, दाणे खाऊन वाढलेली. झायिन मोठा दिसतो, चरबीही छान आहे, धूर तर आपाने जर्दाळूच्या लाकडाचा दिलाय — खराब? खराब कोण म्हणालं? आमच्या गावात सध्या कोणी खात नाही, एवढंच. तळ्याने माणूस ठेवून घेतला की तो सापडेपर्यंत झायिन खायचा नाही. तळाशी फिरतो ना तो. हा आधीचाच आहे, शरदात धरलेला, पण तरी — मी तर त्याच्याकडे पाठ करूनच बसते.

कोण म्हणजे — कोके. माझे वडील.

असं तोंड नका करू आगा, आपा बघेल, ती भट्टीपाशीच आहे. बोट ट्राउटवर ठेवा, म्हणजे भाव करताय असं वाटेल. हां, तसंच.

धक्क्यावर सेरझान काका दिसले तुम्हाला? पाण्यावर वाकडं लाकूड आपटतायत ते? तेच क्वोक — तुमच्याकडे गळ आहेत म्हणजे माहीत असेलच. त्या आवाजाला झायिन तळातून वर येतो. आमच्याकडे धुक्यातही वाजवतात. होडीवाल्याला किनारा दिसत नाही, मग धक्क्यावरून कोणीतरी वाजवायचं, तो त्या रोखाने येतो. कोकेंसाठी नेहमी मीच. किनाऱ्याला लागले की चिडवायचे — ‘तोंडाने तर बोलत नाहीस, लाकडाने तरी बोललीस बाई!’ आता काका वाजवतात, रोज, सकाळपासून. भावाला हाक मारतात की माशाला, कोण विचारणार? परवा खरंच एक झायिन वर आला, माणसाएवढा. काकांकडे बघून गेला. काकांनी गळ टाकला नाही.

नववा दिवस आज. आपाने सातव्या दिवसाचे शेल्पेक, मेलेल्याच्या नावाच्या पुऱ्या, तळले नाहीत. तळले म्हणजे गेले असं ठरलं ना — म्हणून रोज पीठ भिजवते आणि साधं नान भाजते. आणि उद्या पहिली एप्रिल. उद्यापासून दोन महिने पाण्यात होडी उतरवायची नाही, मासा अंडी घालतो. काका निरीक्षकाच्या पाया पडायचे बाकी होते. तो म्हणाला, ‘सेरझान, तुला सोडलं तर उद्या गावात प्रत्येकाचं कोणी ना कोणी हरवेल.’ खरं आहे ते, आमच्याकडचे लोक तसेच आहेत. म्हणजे शोधायचं ते आज. आणि शोधतायत कुठे? धक्क्यासमोर. पाणबुडे आले, जाळी ओढली, सगळं धक्क्यासमोर. का? होडी उलटी होऊन वाऱ्याने तिथे लागली, आणि — आणि मी तिथे वाजवत होते म्हणून.

त्या दिवशी थांबले नव्हते मी. हात सुजले तरी थांबले नाही. फक्त, वर्गातल्या मुली आल्या, धुक्याचे फोटो काढायला. अकबोता म्हणाली, ‘अगं, तोर्गिन बघ, माशांचं लग्न लावतेय!’ सगळ्या हसल्या. वाईट नाहीत हो त्या. मीपण हसले. आणि लाकूड घेऊन उठले, लव्हाळ्यांतून पंपाच्या पडक्या खोलीपर्यंत गेले — तिथून कोणाला दिसत नाही. तिथे बसून वाजवलं. मला वाटलं धुक्यात आवाज सगळीकडून येतो. नाही येत. जिथून वाजवाल तिथूनच येतो. त्या बाजूला पाण्याखाली जुन्या झाडांचे खुंट आहेत, होड्या जात नाहीत. एंजिन जवळ आलं, अगदी जवळ — मग लाकडावर लाकूड आपटल्यासारखं काहीतरी — मग एंजिन नाही. मी वाजवतच राहिले. वाटलं, ऐकू येत नसेल त्यांना.

आता काका एकदा वाजवतात की लव्हाळ्यांतून एकदा उलट वाजतं. ऐका — हे काकांचं. आता — हे. नाही? खरंच नाही ऐकू आलं तुम्हाला?

मला नाही जमत त्यांना सांगायला. समोर उभी राहिले की नान ठेवून परत येते. तुम्ही सांगा. म्हणा, गळ टाकायला जागा बघत होतो, पडक्या खोलीपाशी पाण्यात कापड दिसलं. खोटंच, पण जातील ते. उजेड आहे अजून दोन तास, एक होडी नेली तरी — नाही, गाडीत नका बसू, आगा! पैसे राहू देत. कापडाचं नको असेल तर नका सांगू, नुसतं खरं सांगा, तुम्हाला काय, तुम्ही परके, तुमच्याकडे कोण बघणार आहे — एवढंच सांगा त्यांना, की त्या दिवशी तोर्गिन धक्क्यावर नव्ह — आले, आपा!