कोऱ्या कागदावरची सही

सर : आणि खाली सही कुणाची होती, दाक्षायणी? सांग की.

दाक्षायणी : तुमची, सर. ‘तपासले, शिवलिंगप्पा.’

सर : काय तपासलं मी? कोरा कागद! शनिवारी शाळा सुटली की नसबंदीच्या केसेस शोधत वस्त्यांवर हिंडावं लागतं, म्हणून आधीच सही करून देतो तुला. आणि तू त्यावर हे लिहून थेट काचेच्या फळ्यात लावून मोकळी!

दाक्षायणी : भित्तिपत्राची संपादक मला तुम्हीच केलंत की. ‘नुसत्या कविता नकोत, शाळेत घडतं ते लिहा,’ असंही तुम्हीच म्हणालात.

सर : अगं बाई, गॅदरिंगचं लिही म्हणालो! ‘आपले शिपाई मायाप्पा यांचे अजून लग्न व्हायचे आहे, तरी हेडमास्तरांनी त्यांना नसबंदीच्या कॅम्पात नेले.’ असं कुणी लिहितं होय? आणीबाणीत?

दाक्षायणी : खोटं आहे का, सर?

सर : खोटं असतं तर बरं झालं असतं. हेडमास्तरांच्या खोलीत कोण येऊन बसलंय, ठाऊक आहे? साध्या कपड्यातला माणूस. चहालासुद्धा हात लावला नाही त्यानं. तुझा कागद मांडीवर घेऊन नुसता बसलाय.

दाक्षायणी : पोलीस?

सर : हळू बोल.

दाक्षायणी : पण भाषणस्वातंत्र्याचं कलम एकोणीस आहे की, सर. नागरिकशास्त्राच्या तासाला पाठ करून घेतलंत आमच्याकडून.

सर : ते सध्या स्थगित आहे.

दाक्षायणी : मग परीक्षेत आलं तर?

सर : आहे म्हणून लिही. मार्क मिळतील. आता नीट ऐक. त्यांना दोनच गोष्टी पाहिजेत. लिहिलं कुणी आणि तुला सांगितलं कुणी.

दाक्षायणी : अक्षर माझं आहे, सगळ्या शाळेला माहीत आहे. ते लपवायचं नाही मला. पण सांगितलं कुणी, ते मी मेले तरी सांगायची नाही.

सर : स्वतः मायाप्पानंच सांगितलं असणार.

दाक्षायणी : मी काहीच म्हणाले नाही, सर.

सर : म्हणूही नकोस. तुझ्या अप्पांचं चाटी गल्लीत दुकान आहे ना? दुकानाला परवाना लागतो. तुला दहावीला बसायचंय. एकाच फटक्यात सगळं जाईल. मला भीती वाटते गं. लाज वाटते तसं सांगायची, पण वाटते.

दाक्षायणी : मलापण वाटते, सर. पण तुम्हाला न दाखवता लावलं, ती चूक माझी. तसंच आत जाऊन सांगते.

सर : म्हणजे मी सुटलो आणि तू अडकलीस.

दाक्षायणी : खरं तेच आहे, सर.

सर : कोण दारात? मायाप्पा? ये की आत.

मायाप्पा : सर, तुमाला बोलावलंय. लवकर चला म्हनत्यात.

दाक्षायणी : मायाप्पाकाका...

मायाप्पा : यव्वा, माज्याकडं तसं बघू नगंस. अंगठा घेतला त्यांनी माजा. राजीखुशीनं गेलतो, असं लिवलंय म्हनं. न्हायतर नोकरी जाती. दुधनीला म्हातारी आई हाय माजी. ‘लिव की’ म्हनून मीच तुज्या मागं लागलो, जळो माजं त्वांड!

सर : असू दे, मायाप्पा. माझ्याविषयी काय विचारलं त्यांनी?

मायाप्पा : पोरीनं आपल्या डोक्यानं लिवलं का मास्तरनं लिवायला लावलं, येवढंच. येकाचं नाव पायजे त्यांला. गाडी फाटकाशी हुबी हाय.

दाक्षायणी : मी येते, सर.

सर : तू इथंच बसायचं.

दाक्षायणी : अहो, तुम्ही वाचलंसुद्धा नव्हतं!

सर : हे पुन्हा बोलायचं नाही. अप्पांनासुद्धा नाही. शपथ आहे तुला माझी. खाली ‘तपासले’ लिहिलंय ना? मग तपासलं मी. चल रे, मायाप्पा.

(बऱ्याच वेळानं मायाप्पा एकटाच परत येतो.)

दाक्षायणी : काका, सर कुठायत?

मायाप्पा : तू मागच्या दारानं घरला जा, यव्वा. कुनी इचारलं तर सांग, मजकूर सरांचा, तू फकस्त बघून लिवलंस. सरांनी आत तसंच सांगितलंय.

दाक्षायणी : खोटं बोलले ते! सर खोटं बोलले!

मायाप्पा : व्हय. लई शांतपनी बोलले.

दाक्षायणी : सोडा मला, मी जाते आत. मी सांगते खरं काय ते.

मायाप्पा : आत कुनी न्हाय आता. गाडी गेली.

दाक्षायणी : कुठं नेलं?

मायाप्पा : ते मला कोन सांगतंय? हा सरांचा डबा धर. त्येंच्या घरी पोचीव म्हनले. बाईस्नी सांग, जेवायला थांबू नका.