घासलेला पत्रा

पार्सलच्या रांगेत शिंपीणबाईंच्या पुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं. दोघांच्या मध्ये चादरीत गुंडाळलेला पत्रा होता, सरबताच्या जुन्या जाहिरातीचा. कोपऱ्यातून ग्लास धरलेला एक रंगीत हात डोकावत होता. रांग हलेना, तेव्हा शिंपीणबाईंचे कान आपसूक तिकडे लागले.

“सबंध दुपार तारेची घासणी घेऊन बसले होते. वाटलं, खूश व्हाल.”

“अगं, त्याचा गंजच तर बघण्यासारखा होता.”

“मग आता कुठे पाठवताय?”

“एक कारागीर आहे. पूर्वीसारखा करून देतो.”

“म्हणजे नवा?”

“नाही, जुना.”

“गंज परत चढवणार?”

“होता तसाच.”

“आणि कपाटातल्या त्या बाटल्या? तळाशी सरबत वाळून चिकटलंय.”

“त्यांना हात लावू नकोस.”

“म्हणजे जुनं झालेलंच तुम्हाला आवडतं.”

“वयाचं एक तेज असतं गं.”

“मग भाचीच्या लग्नाआधी मला केस का रंगवायला लावलेत?”

“ते वेगळं.”

“कसं वेगळं?”

“चार लोक बघतात.”

“पत्रा तर लोकांनी बघावा म्हणूनच तुम्ही बैठकीत लावला होता.”

शिंपीणबाईंचा हात नकळत स्वतःच्या केसांकडे गेला.

रांग सरकली. खिडकीतल्या कारकुनाने चादरीकडे बोट दाखवलं.

“वस्तू जुनी की नवी?”

म्हातारा पत्र्याकडे बघत राहिला, मग बायकोकडे.

“सांगा की,” ती म्हणाली. “मलाही ऐकायचंय.”