फोटू धुवाय लागतोय

चिंतामण : अहो दगडाबाई, हे काय करून ठेवलंत? काल ही पोरगी अशी नव्हती!

दगडाबाई : काल पारोशी हुती. आज तोंड धुतलंय, तेल लावून येनी घातलीया. बगा की, कशी दिसतीया माजी रंगू!

चिंतामण : वऱ्हाडात निघाल्यासारखी! सांगलीत मी लग्नाचेच फोटो काढतो, बाई. त्याचा वीट आला म्हणून आष्ट्याच्या ह्या दुष्काळी कामावर, खडी फोडणाऱ्यांत आलो. पुण्याच्या साप्ताहिकाला ऐटीत कळवलंय, दुष्काळातल्या पोरांचा असा फोटो पाठवतो की वाचणाऱ्याचा घास घशात अडकेल. आता हा बघून लोक पत्रिका मागतील.

दगडाबाई : आवं, तुमीच म्हनलासा की, फोटू धुवाय लागतोय.

चिंतामण : मी?

दगडाबाई : व्हय. म्या इच्यारलं, फोटू कवा मिळंल? तर म्हनलासा, आदी धुवाय लागतोय, मग मिळंल. म्हनलं, सायबास्नी कशाला तरास? टँकरचं प्यायाचं पानी झाकून ठिवलंतं, त्यातलं तांब्याभर घातलं.

चिंतामण : प्यायचं पाणी? अहो, धुवायचा म्हणजे कागद! पोरगी नव्हे!

दगडाबाई : आगं बया! कागुद बी धुत्यात व्हय?

चिंतामण : धुतात. माझ्यासारखे रिकामटेकडे धुतात.

रंगू : आये, मी हासू?

चिंतामण : नको, हसू नकोस बाळ! ...ऐका आता. लग्नात रडणाऱ्या नवरीला हसा हसा म्हणून घसा कोरडा करतो, आणि इथं हसऱ्या पोरीला दटावतोय. वर आव कलावंताचा! दगडाबाई, रोलात एकच फोटो उरलाय. गालाला जरा माती लावू या का?

दगडाबाई : माती? आन हिच्या बाला काय धाडू? एक फोटू मला द्याचं काल कबूल झालासा न्हवं?

चिंतामण : झालो होतो. पण...

दगडाबाई : त्यो मेंढरं घिऊन कर्नाटकात गेलाय, चाऱ्याच्या मागं. कुनीतरी कान भरलं, पोरगी खंगली म्हनून. आता मेंढरं इकून हितं येतो म्हनतोय. मेंढरं गेली तर पाऊस पडल्यावर गावाकडं जतला माघारी जाऊन खायाचं काय, धोंडं? पोरगी फोटूत बरी दिसली, तर तितंच थांबंल त्यो.

चिंतामण : आणि खरंच बरी आहे का ती?

दगडाबाई : ...फोटूत दिसूद्या की, सायेब.

चिंतामण : रंगू, इकडं ये. अशी उभी राहा. हाताचे फोड पदराआड घे... म्हणजे परकराआड गं! बघ, पदर काही सुटत नाही माझा. जन्माचा लग्नवाला मी. हनुवटी वर. आता हस.

(कॅमेऱ्याचा खटका.)

दगडाबाई : झाला?

चिंतामण : झाला. पुण्याला कळवतो, दुष्काळ हसला म्हणून. तुमचा फोटो आठवड्यात आणून देतो, धुऊन.

दगडाबाई : सायेब, धुवाय पानी किती लागतं?

चिंतामण : लागतं बादलीभर.

दगडाबाई : बादलीभर? थोडक्यात भागवा. तोंड म्या धुतलंच हाय.